रिकाम्या दुपारी वाकळ शिवायची कशी: सुई कधीच न धरलेल्यांसाठी

मी परभणीत एका कृषी सेवा केंद्रात हिशोबाला बसतो. जून-जुलैत आमच्याकडं पाणी प्यायला वेळ नसतो, बियाणं, खत, आणि दुबार पेरणीची वेळ आली तर परत बियाणं. पण फेब्रुवारी सरला की दुकानात कुणी फिरकत नाही, आणि एप्रिल-मे मधे दुपारी बारा ते चार तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, पारा ४२-४३ ला टेकलेला असतो. त्या चार तासांत मी तीन उन्हाळे नुसता फोन बघितला. रील काय संपत नाही, आपला अंगठा संपतो. अंगठा खरंच दुखायला लागला तेव्हा म्हणलं हातानं काहीतरी करावं.

मग सगळे करतात तेच मी पण केलं, म्हणजे खरेदी. बासरी आणली, तिच्यातून फक्त हवा निघाली. रंगाचा डबा, ब्रश, जाड कागद आणला, पहिलं लिंबाचं झाड काढलं आणि ते बघून पुतणीनं विचारलं की काका ही कोबी आहे का. डबा कपाटावर गेला. अशा दोन-चार वस्तू कपाटावर जमल्यावर एक दिवस आजीची जुनी वाकळ उसवलेली सापडली, ती नीट करावी म्हणून सुई घेतली आणि तीन वाजले कधी, साडेपाच वाजले कधी काय कळलंच नाही. तेव्हापासून चौथं वर्ष चालू आहे. सुरुवातीला सांगायला कुणी नव्हतं म्हणून ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका, एवढ्यासाठी हे लिहायलो.

आधी शब्द. आमच्याकडं वाकळ म्हणतात, बाकी ठिकाणी गोधडी. जुन्या कापडाचे तीन-चार पदर एकावर एक ठेवून हातानं धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली करत सरळ ओळीत साधे टाके, घातला की झाली वाकळ. आत कापूस नसतो. कापूस भरलेली ती रजई, ती पिंजाऱ्याचं काम, त्याच्या नादाला लागू नका. लहान लेकराची असली तर दुपटं. चार पदरी असली तर चौघडी.

१. पहिल्यांदा दुपटंच करा, मोठी वाकळ नाही

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे म्हणून पहिला. माझ्या बघण्यात ज्यांनी ज्यांनी सोडून दिलं त्यांनी सगळ्यांनी पहिलीच वाकळ डबल बेडची काढली होती. हिशोब बघा. एकट्या माणसाची वाकळ साधारण १८० सेंमी लांब आणि ११० सेंमी रुंद. बोटभर अंतरावर, म्हणजे अंदाजे दोन-दोन सेंमीवर एक ओळ धरली तर ५५ ओळी होतात, एक ओळ १८० सेंमीची, म्हणजे जवळजवळ १०० मीटर टाके. नवीन माणसाला एका ओळीला अर्धा तास लागतो. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस तास. रोज एक तास बसलात तरी महिना गेला, आणि महिनाभर रोज बसणारा माणूस मी अजून बघितला नाही, मी पण नाही.

दुपटं ९० बाय ७५ सेंमीचं. ३७-३८ ओळी, एका ओळीला पंधरा मिनिटं, नऊ-दहा तासात संपतं. आठ दिवसात हातात काहीतरी आलं की पुढचं करावं वाटतं. आणि नात्यात कुणाचं ना कुणाचं बारसं असतंयच.

२. सामान (आणि कागदपत्रं)

सामान एवढंच:

- सुती जुनी साडी, एक
- हाताची सुई, मध्यम जाडीची, तीन-चार. सुईचा नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, हे उलटं असतं, लक्षात ठेवा
- जाड सुती दोरा. शिलाई मशीनच्या सामानाच्या दुकानात 'गोधडीचा दोरा द्या' म्हणलं की देतात. मशीनचा बारीक रीळ घेऊ नका, तो तुटतो आणि जुनं कापड कापतो पण
- अंगुस्तान, म्हणजे टेलर लोक बोटात घालतात ती टोपी
- कात्री, टेप, टेलरचा खडू
- मेणबत्तीचा एक तुकडा
- लोहचुंबक. कशाला ते पुढं सांगतो

साडी सोडून सगळं मिळून एका सिनेमाच्या तिकिटाइतकासुद्धा खर्च येत नाही, कात्री घरात असली तर. यापेक्षा जास्त काही घ्यायला निघालात तर थांबा. गोल लाकडी फ्रेम, पंचवीस रंगाचे दोरे, परदेशी कात्री, हे सगळं मोबाईलवर दिसतं आणि छान पण दिसतं, पण ते घेतलं की कपाटावर बासरीच्या शेजारी जाऊन बसतं.

कागदपत्र एकच लागतं, घरातल्या बाईमाणसाची ना-हरकत. हे मी गमतीनं सांगत नाही. मी पहिल्या उन्हाळ्यात आईच्या ट्रंकेतली खालची, कधीच न नेसलेली साडी काढली, म्हणलं ही तर पडूनच आहे. दोन तुकडे केल्यावर कळलं की ती मामाकडून आहेरात आलेली आणि पुढच्या लग्नात आत्याच्या जावेला फिरवायची म्हणून ठेवलेली होती. न नेसलेली साडी पडून नसते, ती रांगेत असते. वर ती निघाली पॉलिस्टरची, सुई आत जाईना. तेव्हा कपाट उघडून, एक-एक साडी समोर धरून, 'ही घेऊ का' विचारायचं, आणि 'घे की' आलं तरी परत एकदा विचारायचं. काही साड्या जुन्या दिसतात पण त्या कुणीतरी गेलेल्या माणसाच्या असतात. त्याला हात लावायचा का नाही हे तुम्ही ठरवायचं नाही.

३. कापड ओळखा

इथं नवीन लोक सगळ्यात जास्त फसतात. आपण कापसाच्या मुलखात राहतो, एके काळी जिकडं तिकडं नांदेड-४४ चीच सरकी लावायचे, नांदेडात उस्मानशाही मिल होती, पण घरात बघाल तर सुती साडी शोधून सापडत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षातल्या रोजच्या नेसायच्या साड्या बहुतेक सिंथेटिक. त्या मऊ लागतात म्हणून सुती वाटतात. वाकळ करायला त्या चालतात का? चालतात, लोक करतात पण. पण उन्हाळ्यात अंगाला चिकटतात, घाम ओढत नाहीत, आणि पदर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळं नवीन माणसाचे टाके सरळ येतच नाहीत.

ओळखायची रीत सोपी आहे. साडीच्या कडेचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख बोटानं चुरली की सुती. वितळून काळा कडक मणी झाला की पॉलिस्टर. घरात, पडद्याजवळ हा उद्योग करू नका, आणि गरम मण्याला बोट लावू नका, मी लावलं.

आजीची इरकली लुगडी असतील तर अंग सुती असतं, पदर वेगळा असतो, पदराचा भाग बाजूला काढून ठेवा. साडी मिळालीच नाही तर धोतर, लुंगी, पंचे, सुती बेडशीट, कॉटनचे जुने शर्ट सुद्धा चालतात. आतल्या पदरासाठी मांजरपाट घेतलं तरी चालतं पण ते कोरं असतं आणि कोरं कापड धुतल्यावर आटतं. कोरं आणि जुनं एकत्र वापरायचं असेल तर कोरं आधी पाण्यात रात्रभर भिजवून, धुवून, वाळवून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात आतला पदर आटतो, बाहेरचे आटत नाहीत आणि सगळी वाकळ पापडासारखी वाकडी होते.

रंग जातो का ते पण बघा. एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबा. रुमाल लाल झाला तर ती साडी लेकराच्या दुपट्याला नको.

आणि कापड किती जुनं? उजेडासमोर धरून बघा. थोडं विरळ दिसलं तर उत्तम, वापरून मऊ झालेलं असतं. पण दोन्ही हातानं हलकं ताणलं आणि चर्र आवाज आला तर ते गेलं, त्याचं पायपुसणं करा.

४. फाडा, कापू नका

साडी धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११० सेंमीच्या आसपास रुंद भरते. लांबीतून ९०-९० सेंमीचे सहा तुकडे निघतात, म्हणजे एका साडीत तीन पदरी दोन दुपटी. पहिलं बिघडलं तरी दुसऱ्याला कापड तयार.

सुती कापड कात्रीनं कापत बसू नका. कडेला बोटभर कट मारा आणि दोन्ही हातानं झटक्यात फाडा, ते धाग्याला धरून आपोआप सरळ फाटतं. कात्रीनं माझी एक पण रेष सरळ आली नव्हती.

रुंदीतून ७५ सेंमी घ्यायचं ते मधलं घ्या, दोन्ही अंगाचे काठ बाजूला काढा. मी पहिल्या वेळी एका अंगाचा काठ ठेवला, म्हणलं शोभा येईल, पण तीन पदराचे तीन काठ एकावर एक आले आणि तिथं सुई घालायला पक्कड लागली. काढलेल्या काठाच्या पट्ट्या टाकू नका, शेवटी गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायला कामाला येतात.

५. ठिगळं (पहिल्या वेळी हे सोडून द्या)

फोटोत दिसतात त्या रंगीबेरंगी चौकोन-त्रिकोणाच्या गोधड्या म्हणजे वरच्या पदरावर ठिगळं लावलेली असतात. करायची असतील तर पदर एकत्र करायच्या आधी करायची. ठिगळाच्या चारी कडा अर्धा सेंमी आत दुमडून इस्त्री मारायची आणि कडेनं बारीक टाके घालायचे. दिसायला सोपं आहे, पण त्रिकोणाचं टोक दुमडणं हा वेगळाच अभ्यास आहे, मला तीन दुपटी लागली. एक साधी युक्ती: रंगाचं डोकं चालत नसेल तर एकच गडद रंग ठरवा आणि तो सगळीकडं थोडा थोडा फिरवा, बाकी काही कसंही असलं तरी एकत्र दिसतं.

६. पदर अंथरणं आणि कच्चे टाके

आता खरं काम. फरशी पुसून कोरडी करा. खालचा पदर उलटा अंथरा, म्हणजे चांगली बाजू फरशीकडं. हातानं मधून कडेकडं सारखा करा. त्यावर मधला पदर, परत सारखा करा. वरचा पदर सुलटा. चार कोपऱ्यावर चार वजनं ठेवा, डाळीचे डबे, वरवंटा, आमच्या दुकानात मी कीटकनाशकाच्या बाटल्या ठेवायचो, मग एका मावशीनं झापलं की लेकराच्या दुपट्यावर औषधाच्या बाटल्या ठेवायलास व्हय रे, ते बरोबरच होतं.

मग कच्चे टाके. वेगळ्या रंगाचा साधा दोरा घ्या, आणि लांब लांब, चार-चार बोटाचे टाके घालत आधी मधोमध उभी एक ओळ, मग आडवी एक, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखं, मग दोन कर्ण, मग चारी कडा. दुपट्याला एवढं पुरतं. मोठ्या वाकळेला वीत-वीतभर अंतरावर ओळी घालाव्या लागतात. हे टाके शेवटी उसवून काढायचे असतात म्हणून लोक म्हणतात कशाला घालायचे. मी पण म्हणलं होतं. मग अर्धं दुपटं झाल्यावर खालचा पदर चार बोटं बाहेर आला, आणि वरचा मधे फुगला, जसा काही फुगलेला ढोकळा. उसवण्यात दोन दुपारी गेल्या.

आणि एक, सतरंजीवर अंथरून कच्चे टाके घालू नका. हसाल, पण मी सतरंजीला दुपटं शिवलं आहे. चांगल्या बारा ओळी घातल्यावर उचलायला गेलो तर सतरंजी पण उठली. फरशीवरच करा. नंतर मांडीवर घेऊन शिवायला लागलात की मधे मधे दुपटं उचलून बघत जा, पॅन्ट पण शिवली जाते.

७. धावदोरा

वाकळ म्हणजे धावदोराच, तेव्हा इथं घाई करू नका.

दोरा हातभर घ्या, म्हणजे ताणलेल्या हाताइतका. लांब घेतला की सारखं ओवायचं काम वाचतं असं वाटतं पण लांब दोऱ्याचा गुंता होतो आणि गुंता सोडवायला ओवण्याच्या चौपट वेळ लागतो. दोरा मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या, गाठी कमी पडतात. सुईच्या नेढ्यात दोरा जात नसेल तर टोक तिरकं कापा. तोंडात घालून चोखायची सवय सगळ्यांना असते, मला पण आहे.

गाठ मारायची ती आत लपवायची. वरच्या पदरातून सुई घाला, पदरांच्या मधून बाहेर काढा आणि दोरा हलका झटका द्या, गाठ वरच्या पदरातून टुप्पकन आत जाते. खालून गाठ दिसत राहिली तर ती लेकराच्या पाठीला टोचते आणि धुण्यात निघते पण.

सुरुवात मधल्या ओळीपासून करा आणि दोन्ही कडांकडं सरका. कडेपासून आत आलात तर सगळी सैल जागा मधे गोळा होते आणि तिथं चुणी पडते. बऱ्याच जुन्या बाया कडेपासूनच गोल गोल आत येत शिवतात, त्यांचं येतं, कारण त्यांचा हात बसलेला असतो. आपला नाही.

टाका अर्धा सेंमीच्या आसपास. सगळे सारखे येणार नाहीत, येऊ द्या कसेही. मात्र सुई खालच्या पदरापर्यंत गेली पाहिजे. खालचं बोट कापडाखाली ठेवा, सुईचं टोक बोटाला हलकं लागलं की गेली असं समजायचं, मग वर वळवायची. पहिले चार दिवस ते बोट चाळणी होतं, नंतर अंदाज येतो. वरून ढकलायच्या बोटात अंगुस्तान घाला. दोन-तीन टाके सुईवर घेऊन मग एकदम दोरा ओढायचा, एक-एक टाका ओढत बसलात तर म्हातारे व्हाल.

आणि दोरा ओढायचा किती? इथं मला आमच्याच गिऱ्हाईक असलेल्या एका मावशीनं सुधारलं. खताचं विचारायला आल्या होत्या, मी शिवायलो ते बघून टेकल्या, दुपटं हातात घेतलं, उलटं केलं आणि म्हणल्या, "लेकरा, लई वढायलास. जरा सैल सोड, धुतल्यावर ते आपसूक बसतंय." मग पाचेक टाके स्वतः घालून दाखवले, बोलता बोलता, कापडाकडं न बघता. ओळ संपली की ती ओळ दोन्ही हातानं धरून हलकी ताणायची, म्हणजे टाके सुटे होतात. एवढ्या एका गोष्टीनं माझ्या चुण्या निम्म्या कमी झाल्या. तुमच्या आसपास अशी मावशी, आजी असतेच, तिला विचारा. तिच्या मागं लागून शिकवा म्हणू नका, ती म्हणते मला काय येतंय. अर्धं बिघडलेलं दुपटं तिच्या हातात द्या, बस.

हे पण सांगितलं पाहिजे की या मावशीसाठी हा छंद नाही. दसरा झाला की आपल्या बीडकडची माणसं ऊसतोडीला निघतात, पाचटाच्या कोपीत राहतात, आणि गाडीत भांड्यांबरोबर वाकळा असतात, थंडीत त्याच. त्यांनी ज्या घाईत ती शिवलेली असते ती घाई आपल्याला नाही. म्हणून त्यांच्या टाक्याला 'किती सुंदर' म्हणत फोटो काढत बसू नये असं मला वाटतं, निदान विचारून तरी काढावा.

८. कुठं बसायचं, किती वेळ, आणि सुई

भिंतीला पाठ टेकून, एक गुडघा वर करून बसा, दुपटं गुडघ्यावर येतं आणि मान खाली घालावी लागत नाही. खुर्चीत बसलात तर मांडीवर उशी घ्या. उजेड डाव्या बाजूनं, डावखुरे असाल तर उजव्या. रात्री गडद कापडावर गडद दोरा घालू नका, डोळ्याची वाट लागते. लाइट गेली तरी दुपारच्या उजेडात काम चालू राहतं, हा आमच्याकडं फार मोठा फायदा आहे.

दर ओळीनंतर उठा. घाम फार येत असेल तर शेजारी सुती रुमाल ठेवा, ओल्या हातात सुई सरकते.

आता सुई. बसताना मोजून घ्यायच्या, उठताना मोजून ठेवायच्या. सुई कापडात खोचून 'आलोच' म्हणून जायचं नाही. एकदा माझी एक सुई कमी भरली, दुपटं झटकलं, चाचपलं, नाही. शेवटी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सगळ्या दुपट्यावरून फिरवलं तर ती दोन पदरांच्या मधे आडवी निघाली. ते दुपटं दुसऱ्या दिवशी बारशाला जायचं होतं. तेव्हापासून काहीही शिवून झालं की दोन्ही बाजूनं लोहचुंबक फिरवल्याशिवाय मी कुणाला देत नाही. लेकराच्या दुपट्याला आरसे, मणी, बटणं पण लावू नका, ते तोंडात घालतात.

९. लोक काय म्हणतील ते

म्हणतातच. दुकानात एक आजोबा आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणले, "का ओ, सोयाबीनचं बियाणं सोडून हे काय टोचायलात?" मी पुरुष असून सुई धरतो याचं पण अनेकांना कौतुक नाहीतर दुःख असतं. त्यांना मी एवढंच सांगतो की शेजारी हिंगोली जिल्ह्यात नामदेव महाराजांची नरसी आहे, आणि ते शिंप्याच्या घरचे होते. आणि तुमची पॅन्ट कुणी शिवली ते पण विचारतो.

यापेक्षा त्रासदायक लोक म्हणजे 'विकायला चालू कर की' म्हणणारे. एक दुपटं दहा तासाचं. तासाचे मजुरीइतके पैसे धरले तरी जी किंमत येते ती सांगितली की तोच माणूस म्हणतो एवढ्यात तर बाजारात चार येतात. येतात की. मी एकदा एक ऑर्डर घेतली होती, तारखेला द्यायची होती, त्या पंधरा दिवसात मला शिवायचा कंटाळा आला आणि मी परत रील बघायला लागलो. तेव्हा विकायचं असेल तर विका, पण निदान पहिली चार-पाच दुपटी वाटून टाका.

१०. गोट आणि शेवटचं काम

सगळ्या ओळी झाल्या की कच्चे टाके उसवून काढा. कडा कमी-जास्त झालेल्या असतात, त्या खडूनं रेष मारून कात्रीनं सारख्या करा. काढून ठेवलेल्या काठाच्या पट्टीतून पाच-सहा सेंमी रुंदीची पट्टी घ्या, सुलट्या बाजूवर कडेला उलटी ठेवून एक सेंमी आत शिवा, मग पट्टी कडेवरून मागं वळवा, तिची कड आत दुमडा आणि मागून बारीक टाक्यांनी पक्की करा. याला गोट लावणं म्हणतात. कोपऱ्यावर पट्टी नुसती ओढून वळवू नका, तिथं एक घडी घाला, नाहीतर कोपरा आत मुडपतो. अख्ख्या दुपट्याला साडेतीन मीटर पट्टी लागते, जोड दिला तरी चालतो. गोट मशीनवर मारला तरी चालतं, कुणी पोलीस येत नाही.

११. धुणं आणि ठेवणं

पहिलं धुणं गार पाण्यात, एकटं. पिळू नका, दाबून पाणी काढा. मोठी वाकळ ओली झाली की एवढी जड होते की एकट्याला उचलत नाही, दोन माणसं पाहिजेत, आणि एका दोरीवर लटकवली तर मधे ताणते, दोन दोऱ्यांवर पसरा नाहीतर गच्चीवर आडवी टाका. मे महिन्यात आमच्याकडं दुपटं तासाभरात वाळतं. रंग टिकवायचा असेल तर उलटं वाळत घाला. धुतल्यावर टाके थोडे आत बसतात, कापडाला बारीक सुरकुत्या येतात, घाबरू नका, ते तसंच पाहिजे असतं. ठेवताना वाळलेला कडुलिंबाचा पाला घडीत घाला आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ऊन पडलं की बाहेर काढा, नाहीतर कुबट वास लागतो.

दोन-तीन दुपटी झाली की मग नऊवारीची चौघडी काढा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार पदर आपोआप येतात, फाडायची पण गरज नाही. परभणीची डिसेंबर-जानेवारीची थंडी तिच्यात निघते. मी या उन्हाळ्यात तीच घेतली आहे, पाडव्यापासून चालू आहे, एकोणीस ओळी झाल्यात आणि चार पदरातून सुई ढकलून अंगुस्तानाला भोक पडलं, आता बाजारातून दुसरं आणायचं आहे.